शिक्र्याच्या पायातील दोरी

संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले होते. बुलढाण्यातील आमच्या घराच्या गच्चीवर मी उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. एवढ्यात नववीत शिकणारा माझा पुतण्या धापा टाकीत जिना चढून वर आला.

"काका, लवकर चला! पाण्याच्या टाकीजवळच्या कडुनिंबावर ससाणा बसलाय. त्याच्या पायात दोरी आहे!"

आम्ही धावतच गेलो. सूर्य मावळून गेला होता. निंबाच्या एका वाळक्या फांदीवर कबुतराएवढा राखाडी पक्षी बसलेला होता आणि त्याच्या पंजाखाली वीतभर लांबीचे काहीतरी खरोखरच लोंबत होते. आम्ही आणखी जवळ जाणार तोच तो उडाला. चार-पाच वेळा पंख भराभर हलवावेत, मग थोडे तरंगावे, पुन्हा पंख हलवावेत, अशा ढंगाने तो घरांच्या छपरांवरून दिसेनासा झाला. लोंबणारी ती वस्तू त्याच्याबरोबरच गेली.

हा ससाणा नव्हता, शिक्रा होता. ससाण्याचे पंख लांब आणि टोकदार असतात. शिक्र्याचे पंख आखूड व गोलसर आणि शेपूट लांब असते. पण पुतण्याला नावाशी कर्तव्य नव्हते. तो म्हणाला, "कुणीतरी पाळलेला सुटला असणार. मालक सापडला नाही तर आपण पाळू या ना, काका!"

मी त्याला म्हटले, "आधी ती दोरी कसली आहे ते ठरवू." तीन शक्यता आम्ही वहीत लिहून काढल्या. पहिली, हा शिकारीसाठी पाळलेला आणि सुटून आलेला पक्षी असावा. दुसरी, संक्रांतीच्या पतंगाचा मांजा त्याच्या पायात गुंतला असावा. तिसरी, आम्हाला न सुचलेले असे काहीतरी असावे. शास्त्रीय तपासात ही तिसरी शक्यता नेहमी लिहून ठेवावी. ती पुष्कळदा उपयोगी पडते.

पहिल्या दोन्हींपैकी एक खरी असेल, तर मात्र प्रश्न गंभीर होता. पायात दोरी असलेला पक्षी झाडाझाडांतून फार दिवस सुखरूप फिरू शकत नाही. त्या रात्री पुतण्याला मी जे सांगितले, तेच विद्यार्थी मित्रहो, तुम्हालाही सांगतो.

माणसाळलेला आणि पाळीव

पक्ष्यांकडून शिकार करून घेण्याची कला फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. ही कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. चालुक्यांच्या राज्यात महाराष्ट्राचाही मोठा भाग होता. राजाने कोणकोणत्या करमणुकी कराव्यात हे सांगताना सोमेश्वराने 'श्येनविनोद', म्हणजे शिकारी पक्ष्यांचा खेळ, यालाही जागा दिली आहे. पुढे मोगल दरबारात ही कला भरभराटीस आली. पक्ष्यांची निगा राखणाऱ्याला 'मीरशिकार' म्हणत.

या लोकांनी पक्ष्यांच्या मादीला एक आणि नराला दुसरे अशी नावे दिली होती. मादी ती बाज, तिचा नर जुर्रा. मादी ती लग्गड, तिचा नर जग्गर. मादी तो शिक्रा, आणि तिचा नर चिपक! यात पक्षिशास्त्रातील एक सत्य दडलेले आहे. शिकारी पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी व बळकट असते. शिकाऱ्यांच्या लेखी तिचीच किंमत अधिक, म्हणून तिचे नाव साऱ्या जातीला मिळाले. शिक्रा लवकर माणसाळतो, म्हणून त्याला विशेष मागणी असे.

येथे दोन शब्दांतील फरक ध्यानात घ्या. कुत्रा, गाय, कोंबडी हे पाळीव प्राणी आहेत. हजारो वर्षे माणसाने त्यांच्या पिढ्या आपल्या देखरेखीखाली वाढवल्या आणि त्यात त्यांचा स्वभावच पालटला. हत्तीचे तसे नाही. जंगलातून धरून आणलेला हत्ती माहुताचे ऐकू लागतो, पण म्हणून हत्तीची जात पाळीव झाली असे होत नाही. तो एक हत्ती तेवढा माणसाळलेला असतो. शिकारी पक्षी या दुसऱ्या प्रकारातले. विसाव्या शतकापर्यंत ते बहुतेक रानातूनच धरून आणले जात. कुत्र्याला धन्याचा लळा लागतो, पण ससाण्याला किंवा शिक्र्याला धनी ही कल्पनाच नसते.

मग मोकळ्या आकाशात सोडलेला पक्षी परत हातावर येऊन का बसतो?

तराजूची दोरी

याचे उत्तर आहे भूक. पोट भरलेला पक्षी हाकेला येत नाही आणि उपाशी ठेवलेल्या पक्ष्याच्या अंगात उडण्याचे बळ राहत नाही. या दोहोंच्या मध्ये एक अरुंद पट्टा असतो. त्या वजनात पक्षी चपळ असतो, भुकेला असतो, आणि हातातील मांसाचा तुकडा त्याला सर्वांत सोपे अन्न वाटते. जुने मीरशिकार छातीचे हाड व त्याभोवतीचे स्नायू बोटांनी चाचपून पक्षी या पट्ट्यात आहे की नाही हे ओळखीत. आजचे शिकारी रोज तराजू वापरतात आणि ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब ठेवतात.

लहान पक्ष्याच्या बाबतीत हा पट्टा फारच अरुंद असतो. समजा, एका शिक्र्याचे वजन १६० ग्रॅम आहे. ते ८ ग्रॅमने घटले, म्हणजे ५ टक्क्यांनी घटले. ६० किलोच्या माणसाच्या बाबतीत ही घट ३ किलो होईल. माणसाला इतके वजन घटवायला पुष्कळ दिवस लागतात. लहान पक्ष्याचे तेवढे वजन थोड्याच अवधीत घटते. असे का व्हावे?

एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर. आता दोन सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. पृष्ठफळ २४ आणि घनफळ ८. म्हणजे पहिल्या घनात दर एकक घनफळामागे ६ एकक पृष्ठभाग आहे, दुसऱ्यात फक्त ३. शरीरातील उष्णता पृष्ठभागावाटे बाहेर जाते. म्हणून प्राणी जितका लहान, तितकी त्याची उष्णता वजनाच्या मानाने लवकर निसटते आणि तितके त्याला सतत खावे लागते. थंडीच्या दिवसांत शिकाऱ्याच्या हातून हिशेबात थोडी चूक झाली, तर लहान पक्षी एका रात्रीतही दगावू शकतो.

तेव्हा पक्ष्याच्या पायातील चामड्याची पट्टी ही काही त्याची खरी दोरी नव्हे. खरी दोरी आहे ती तराजूची. ज्या दिवशी पक्षी स्वतः शिकार मारून पोटभर खातो, त्या दिवशी ती तुटते. दोन-चार दिवस असे गेले, की तो पुन्हा पुरता रानटी होतो.

सुटलेल्यांच्या गोष्टी

तराजूची दोरी तुटली तरी चामड्याची पट्टी पायात राहते आणि ती प्राणघातक ठरू शकते. टी. एच. व्हाइट या इंग्रज लेखकाने १९३० च्या दशकात एक बाज शिकवायला घेतला होता. बाज हा आपल्या शिक्र्याचाच थोरला भाऊबंद. एके दिवशी बांधलेली सुतळी तुटली आणि पक्षी उडून गेला. तो पुन्हा हाती लागला नाही. पायातील बंधन एखाद्या फांदीत अडकून तो उलटा टांगून मेला असेल, ही भीती व्हाइटला छळत राहिली. या अनुभवावर त्याने लिहिलेले पुस्तक १९५१ मध्ये प्रसिद्ध झाले.

सर्वच सुटलेल्या पक्ष्यांचा शेवट असा होत नाही. ब्रिटनमध्ये जंगलतोड व बंदुका यांमुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाज जवळजवळ नाहीसा झाला होता. १९६० नंतरच्या दशकांत शिकारीचे शौकीन लोक युरोपातील इतर देशांतून बाज आणू लागले. त्यांतले काही सुटले, काही मुद्दाम सोडून दिले गेले. त्यांनी जोड्या जमवल्या, घरटी बांधली, आणि आज ब्रिटनच्या रानांत पुन्हा बाज आहेत. त्यांतील बहुतेक त्या सुटलेल्या पक्ष्यांचे वंशज होत.

शहरातही अशा पक्ष्याला जगता येते काय? याचे उत्तर अमेरिकेतील एका मादीने दिले. डी. डी. टी. या कीटकनाशकामुळे बहिरी ससाण्याच्या अंड्यांची कवचे पातळ होऊन ती उबवतानाच फुटू लागली होती. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिसिसिपी नदीच्या पूर्वेस बहिरी ससाण्याची एकही वीण करणारी जोडी उरली नाही. तेव्हा कॉर्नेल विद्यापीठातील टॉम केड हे शास्त्रज्ञ पुढे आले. ते स्वतः शिकारी पक्षी बाळगण्याच्या कलेत तरबेज होते. १९७० पासून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंदिस्त जागेत पिल्ले वाढवण्यास सुरुवात केली. ती मोकळी सोडण्यासाठी त्यांनी शिकाऱ्यांचीच एक जुनी युक्ती वापरली. पिल्लांना उंच मनोऱ्यावरील पेटीत ठेवायचे, माणूस दिसू न देता अन्न पुरवायचे, आणि ती आपोआप उडून शिकार करू लागेपर्यंत वाट पाहायची.

अशाच रीतीने सोडलेली 'स्कार्लेट' नावाची मादी १९७८ मध्ये बाल्टिमोर शहरातील एका गगनचुंबी इमारतीच्या ३३ व्या मजल्यावर येऊन राहिली. तिला नर मिळेना, म्हणून तिची अंडी फळेनात. शास्त्रज्ञांनी तिच्यापुढे बंदिस्त जागेत जन्मलेली पिल्ले ठेवली आणि तिने ती आपलीच समजून वाढवली. अखेर १९८४ मध्ये तिला रानातून आलेला जोडीदार मिळाला आणि तिने स्वतःची पिल्ले वाढवली. त्याच वर्षी ती मरण पावली. पुढे १९९९ मध्ये अमेरिकेने बहिरी ससाण्याला धोक्यातील जातींच्या यादीतून वगळले.

कोणी विचारील, डोंगरकड्यावर राहणाऱ्या पक्ष्याला शहर कसे मानवले? त्याच्या दृष्टीने पाहा. उंच इमारत म्हणजे कडा. तिची कंगणी म्हणजे कपार. आणि खाली हजारो पारवे. हे पारवेदेखील मुळात कड्यांवरचेच रहिवासी. शिकार शहरात आली, तिच्यामागे शिकारीही आला.

मात्र प्रत्येक सुटलेला पक्षी निसर्गाला उपकारक ठरतो असे समजू नका. आज काही देशांत दोन जातींच्या ससाण्यांचा संकर करून पक्षी तयार करतात. असा संकरज पक्षी सुटून रानातील पक्ष्यांशी जोडी करू लागला, तर मूळ जातीत भेसळ होण्याची भीती असते.

सकाळचा तपास

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुर्बीण, वही आणि घड्याळ घेऊन आम्ही निंबापासून पन्नास पावलांवर एका भिंतीआड बसलो. शिकाऱ्याचा पक्षी कसा ओळखावा, हे आम्ही आधीच ठरवून ठेवले होते. चामड्याच्या पट्ट्या दोन्ही पायांत असतात, एकाच पायात नसतात. पुष्कळदा पायात घुंगरू असते व त्याचा आवाज येतो. बंदिवासात राहिलेल्या पक्ष्याच्या शेपटीची टोके घासून झिजलेली असतात. आणि तो माणसाला कमी भितो. पण ही शेवटची खूण एकटी पुरेशी नाही, कारण गावात वाढलेला रानपक्षीही माणसांना सरावतो.

साडेदहापर्यंत काही घडले नाही. मग अचानक बुलबुलांचा कलकलाट सुरू झाला आणि खारीने शेपूट उडवीत ओरडायला आरंभ केला. शिक्रा येत असल्याची ही वर्दी असते. पुढच्याच क्षणी तो दोन घरांच्या मधल्या बोळातून जमिनीलगत आला, कडुनिंबाच्या दोन फांद्यांमधून अंग तिरके करून वळला, पलीकडच्या कुंपणावर झडप घातली आणि परत येऊन त्याच वाळक्या फांदीवर बसला.

पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाला हे वळण पाहून राहवत नाही. सायकलवरून वळताना आपण आतल्या बाजूला झुकतो, तसाच पक्षीही झुकतो. झुकलेल्या पंखांवरील उचल तिरकी होते, आणि तिचा आडवा भाग पक्ष्याला वळणाच्या मध्याकडे ओढतो. हिशेब असा आहे की, वळणाची त्रिज्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, पक्षी सेकंदाला १० मीटर वेगाने जात आहे आणि ६० अंशांनी झुकला आहे. मग त्याची त्रिज्या सुमारे ६ मीटर येते. वेग दुप्पट, म्हणजे २० मीटर केला, की त्याच झुकावाला त्रिज्या चौपट, म्हणजे सुमारे २४ मीटर होते. ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने सूर मारणारा बहिरी ससाणा बोळात का शिरत नाही, ते यावरून कळेल. त्याला मोकळे आकाश लागते. शिक्र्याचे आखूड पंख व लांब शेपूट ही कमी वेगाच्या, लहान वळणाच्या कामाची हत्यारे आहेत. आपल्या गावांतील परसबागा, बोळ आणि निंबाची झाडे जणू त्याच्याचसाठी मांडलेली आहेत.

"काका, दोरी!" पुतण्या कुजबुजला.

पंजाखाली ती खरोखरच लोंबत होती. मी दुर्बीण त्याच्या हाती दिली. "नीट बघ आणि जे दिसते तेवढेच सांग."

तो बराच वेळ पाहत राहिला. मग हळूहळू बोलू लागला. "वर जाड आहे. खाली बारीक होत गेलीय. तिच्यावर आडवे पट्टे आहेत. आणि काका... ती हलतेय!"

शिक्र्याने मान खाली घालून दोन-तीन हिसके दिले. ती 'दोरी' सुटून खाली पडली. तो पंजा बदलून बसला तेव्हा त्याचे दोन्ही पिवळे पाय अगदी स्पष्ट दिसले. त्यांत पट्टी नव्हती, घुंगरू नव्हते की मांजाही नव्हता. तो खाऊन उडून गेल्यावर पुतण्या झाडाखाली धावला आणि दोन बोटांत धरून ती दोरी घेऊन आला. ती सरड्याची शेपटी होती!

आपल्या बागेतल्या सरड्याची शेपटी त्याच्या धडाच्या दुपटीहूनही लांब असते. संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात पंजात धरलेला सरडा दिसत नाही, दिसते ती खाली लोंबणारी शेपटी. आमची तिसरी शक्यता खरी ठरली होती.

तो कुणाचा?

पुतण्या थोडा हिरमुसला. "म्हणजे तो सुटलेला नाहीच. मग आपण त्याला धरून..."

त्याला मी वन्यजीव संरक्षण अधिनियमाबद्दल सांगितले. १९७२ च्या या कायद्याने शिक्रा, ससाणा, घार अशा पक्ष्यांना संरक्षण दिले आहे. त्यांना पकडणे किंवा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. पण केवळ कायद्याच्या भीतीने हे पटावे असे मला वाटत नव्हते. म्हणून मी त्याला विचारले, "रात्रीचा तराजू आठवतो? हा पक्षी आपल्याजवळ राहावा म्हणून तुला रोज काय करावे लागेल?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्याला अर्धपोटी ठेवावे लागेल."

"आणि पोटभर दिले तर?"

"तर तो जाईल."

याहून अधिक काही सांगण्याची गरज मला उरली नाही.

तुम्हाला कधी पायात खरोखरच पट्टी, तार किंवा मांजा असलेला शिकारी पक्षी दिसला, तर त्याच्यामागे धावू नका. घाबरून तो उडेल आणि दोरी अधिक गुंतेल. जागा, वेळ आणि पक्षी कोणत्या झाडावर येतो हे टिपून घ्या आणि वन विभागाच्या कार्यालयाला कळवा. पक्षी जमिनीवर पडलेला असेल, तर मोठ्या माणसांच्या मदतीने त्याच्यावर जाड कापड टाकून, पंजांपासून हात जपून, त्याला हवेसाठी भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. अंधारात हे पक्षी शांत राहतात. शिकारी लोक त्यांच्या डोळ्यांवर टोपी चढवीत ती याच कारणासाठी. तेराव्या शतकातील सम्राट दुसरा फ्रेडरिक याने शिकारी पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. टोपीची ही युक्ती आपण अरबांकडून शिकलो, असे त्याने त्यात प्रांजळपणे नमूद केले आहे. त्या पक्ष्याला भात, पोळी किंवा दूध देऊ नका. वन विभागाची माणसे येईपर्यंत त्याला अंधार आणि शांतता एवढेच पुरे.

मार्च उजाडला. पुतण्याची वही अर्धी भरली आहे. त्यात शिक्रा किती वाजता आला, कुठल्या फांदीवर बसला, काय पकडले, किती वेळा झडप फुकट गेली, या सर्वांची नोंद आहे. फुकट गेलेल्या झडपाच अधिक आहेत, हे त्याने स्वतः शोधून काढले. पहिल्या पानावर त्याने सरड्याची ती वाळलेली शेपटी चिकटवली आहे आणि तिच्याखाली लिहिले आहे, "२५ जानेवारी. दोरी नव्हती."

तुमच्या गावातही शिक्रा असेल. बुलबुल आणि खारी एकदम ओरडू लागल्या, की वर पाहा.